दरेकशातील घरकुल: ग्रामसभेचे अधिकार कुठपर्यंत?

दरेकसा हे गोंदिया जिल्ह्याच्या सालेकसा तालुक्यातले, छत्तीसगडच्या सीमेलगतचे गाव. गोंदिया–डोंगरगड लोहमार्गावरचे हे स्थानक हाजरा धबधबा आणि कचारगडच्या यात्रेमुळे बाहेरच्यांना ठाऊक आहे. जंगलपट्ट्यातल्या अशा गावात घराचा प्रश्न पैशाइतकाच जागेचाही असतो. गावठाण भरले की पुढे शेती नाहीतर वनजमीन. नवी घरे कुठे बसवायची, हा विषय ग्रामसभेत येतो तेव्हा सभेच्या अधिकारांबद्दल बरेच समज गृहीत धरलेले असतात.

भाग आदिवासींचा, म्हणून ‘पेसा’ लागू, हा त्यातला सर्वांत पक्का समज. ग्रामसभेला जादा अधिकार देणारा 1996 चा हा कायदा फक्त राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीतील क्षेत्रांना लागू होतो. महाराष्ट्रातली ही क्षेत्रे राष्ट्रपतींच्या 1985 च्या आदेशाने ठरली. त्यात जुन्या भंडारा जिल्ह्याचा समावेश नव्हता आणि 1999 मध्ये त्यातूनच गोंदिया जिल्हा वेगळा झाला. देवरीला आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय असल्याने घोटाळा होतो. पण प्रकल्पाच्या योजना मिळणे वेगळे आणि अनुसूचित क्षेत्र असणे वेगळे.

हा फरक केवळ कागदावरचा नाही. सप्टेंबर 2020 मध्ये राज्यपालांनी अधिसूचना काढून वनहक्क कायद्यात बदल केला आणि आदिवासी व इतर पारंपरिक वननिवासी कुटुंबांना गावालगतच्या वनक्षेत्रात घरे बांधण्याची वाट मोकळी केली. राज्यपालांचा हा अधिकार पाचव्या अनुसूचीतून आलेला असल्याने सवलतही अनुसूचित क्षेत्रापुरतीच आहे. शेजारच्या गडचिरोलीतल्या अनुसूचित गावांना ती मिळते. तितक्याच दाट जंगलातल्या दरेकशाला मिळत नाही. गरज सारखी असताना हक्क जिल्ह्याच्या जुन्या हद्दीवर ठरावा, हे अन्यायाचेच आहे.

ग्रामसभेने ठराव केला की वनजमीन घरांसाठी मिळते, असेही मानले जाते. 2006 च्या वनहक्क कायद्यात ग्रामसभेच्या शिफारशीने वनजमीन वळवता येते, हे खरे आहे. मात्र प्रत्येक कामासाठी ती एक हेक्टरपेक्षा कमी असावी लागते आणि एका हेक्टरमागे 75 पेक्षा जास्त झाडे तोडता येत नाहीत. कोणत्या कामांसाठी, याची यादीही कायद्यातच आहे. शाळा, दवाखाना, अंगणवाडी, रास्त भाव दुकान, पिण्याचे पाणी, रस्ता, समाजमंदिर अशी 13 कामे त्यात आहेत. घरे नाहीत.

यावरून उलटा समजही पसरतो, की वनजमिनीवरचे प्रत्येक घर म्हणजे अतिक्रमणच. तेही खरे नाही. 13 डिसेंबर 2005 पूर्वीपासून ताबा असलेल्या अनुसूचित जमातीच्या कुटुंबाला राहण्यासाठी किंवा कसण्यासाठी त्या जमिनीचा हक्क मागता येतो. इतर पारंपरिक वननिवासींना तीन पिढ्यांचा रहिवास दाखवावा लागतो. दाव्याची सुरुवात ग्रामसभेतच होते, पण त्या सभेची गणपूर्ती वेगळी असते. एरवीच्या ग्रामसभेला 15 टक्के मतदार किंवा 100 जण, यांपैकी कमी असेल ती संख्या पुरते. वनहक्काच्या सभेला निम्मे सदस्य लागतात आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश महिला असाव्या लागतात. म्हणून हजेरीपटावरची प्रत्येक सही मोलाची असते.

महसुली जमिनीवर गावठाण वाढवायचे असेल, तर ठराव ही फक्त मागणी ठरते. गावठाणाची हद्द जमीन महसूल संहितेच्या कलम 122 नुसार जिल्हाधिकारी ठरवतात.

घरकुल सरपंच देतात, हा समज तर घरोघरी आहे. 2016 मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागाची मूळ यादी 2011 च्या सामाजिक-आर्थिक पाहणीवरून तयार झाली आणि पुढे नव्या सर्वेक्षणाची भर पडली. ग्रामसभा त्या यादीची पडताळणी करते आणि अपात्र नावे कारण नोंदवून वगळू शकते. यादीबाहेरचे नाव तिला मनाने घालता येत नाही. सपाट भागात 1.20 लाख, डोंगरी व दुर्गम भागात 1.30 लाख रुपये हप्त्याहप्त्याने थेट लाभार्थ्याच्या खात्यात जातात. आधी जुन्या घराचा, मग बांधकामाच्या टप्प्यांचा फोटो ठिकाणासह मोबाईलवरून चढवला जातो आणि तो नसेल तर पुढचा हप्ता अडतो. दुचाकी असलेल्याला घरकुल नाही, हे पूर्वी खरे होते. 2024 मध्ये अपात्रतेचे निकष 13 वरून 10 झाले आणि दुचाकी, फ्रिज व दूरध्वनी या अटी गेल्या.

असाच समज शहरांबद्दलही असतो: तिथे नगरसेवकांचे सभागृह हात वर करून गृहप्रकल्प मंजूर करते. तेही चूक. नगरपंचायत असो की नगरपरिषद, बांधकाम परवानगी नगररचना कायद्यानुसार मुख्याधिकारी देतात. अर्जावर 60 दिवसांत निर्णय कळवला नाही, तर नियमांत बसणाऱ्या बांधकामाची परवानगी मिळाली असे मानले जाते. नगरसेवकांचे मत चालते ते विकास आराखड्यावर आणि आरक्षणांवर. प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाला की नागरिकांना हरकतींसाठी 30 दिवस मिळतात.