लोखंडाला ओळख देणारं प्रथिन

मुलांनो, सातपुड्याच्या पायथ्याशी हिवरखेडच्या एखाद्या कोरड्या नाल्यात जा. लोहचुंबक पन्नीत गुंडाळा आणि वाळूतून फिरवा. पन्नीला बारीक काळी पूड चिकटेल. सातपुड्याचा काळा दगड झिजून आलेलं हे मॅग्नेटाइट, म्हणजे लोखंड आणि ऑक्सिजनचं संयुग!

प्रयोगशाळेतही मॅग्नेटाइट बनवतात. लोखंडाच्या दोन क्षारांच्या द्रावणात अमोनिया घातला, की डोळ्यांदेखत द्रावण काळंकुट्ट होतं. त्यातला एकेक कण साधारण 10 नॅनोमीटरचा. एका मिलिमीटरवर असे 1 लाख कण ओळीनं बसतील! चुंबक जवळ आणला की ते धावतात, दूर नेला की त्यांचं चुंबकत्व संपतं.

अशा कणांनी एखादी ठरावीक वस्तू ओढून काढायची, तर ती आधी ओळखायला हवी. पण लोखंड कुणालाच ओळखत नाही. ओळखतं ते प्रथिन. अँटिबॉडी हे असंच एक प्रथिन. तिचे दोन हात ठरावीक वस्तूलाच धरतात. मग ती लोखंडावर बसवायची कशी?

आधी कणाला पॉलिमरचं आवरण देतात. आवरणावर असतात कार्बोक्सिल गट, प्रथिनावर अमाइन गट. ते आपणहून जुळत नाहीत. कार्बोडायइमाइड नावाचं रसायन कार्बोक्सिलला तयार करतं, अमाइन येऊन पक्का जोडला जातो आणि रसायन बाजूला होतं. जपायचं एवढंच, की उष्णतेनं प्रथिन बिघडू नये आणि अँटिबॉडीचे हात मोकळे राहावेत. मग नळीला बाहेरून चुंबक लावायचा. कण काचेला चिकटतात, न जोडलेलं प्रथिन पाण्याबरोबर ओतून द्यायचं.

अशा कणांवर पुण्यात मोठं काम झालंय. डॉ. जयंत खंदारे आणि त्यांच्या ॲक्टोरियस कंपनीनं रक्तातल्या कर्करोगाच्या पेशी शोधणारी 'ऑन्कोडिस्कव्हर' ही चाचणी तयार केली. 1 मिलिलीटर रक्तात तांबड्या पेशीच सुमारे 500 कोटी असतात. त्यात भटकणाऱ्या कर्करोगाच्या पेशी अगदी मोजक्या. तुरीच्या हजारो पोत्यांतून एक वेगळा दाणा वेचण्यासारखंच हे! पण अशा कित्येक पेशींच्या अंगावर 'एपकॅम' नावाचं प्रथिन असतं. कणावरची अँटिबॉडी नेमकं तेच धरते आणि चुंबक त्या पेशीला बाजूला ओढतो.

प्रथिन बदललं, की कणाचं कामही बदलतं. ई. कोलाय जंतूला ओळखणारी अँटिबॉडी लावली, तर हेच कण अन्नपाण्यातून तो जंतू शोधून काढतात. आता तुम्ही सांगा, तुमच्या विहिरीच्या पाण्यात काय शोधायचं? ते ठरलं, की पुढचा प्रश्न एकच: त्याला ओळखणारं प्रथिन कोणतं?