ज्वारीची विषबाधा आणि जनावराच्या यकृतातील गंधक

उमरखेड तालुक्यातील ढाणकी आणि पैनगंगेच्या खोऱ्यातील आसपासच्या गावांत ज्वारीचे पीक दुहेरी उपयोगाचे मानले जाते. दाणा घरात येतो व कडबा गोठ्यात. परंतु हेच पीक कोवळे असताना, पावसाने ताण दिल्यावर, किंवा कापणीनंतर धसकटांना फुटवे आले असताना जनावराच्या तोंडी लागले, तर धडधाकट बैल तासाभरात कोसळू शकतो. जनावराला किराळ लागली, असे शेतकरी म्हणतात. एकाच शेतात शिरलेल्या दोन बैलांपैकी एक दगावतो व दुसरा वाचतो, याचे मात्र त्यांना नवल वाटते. त्याचे उत्तर बैलाच्या यकृतात आहे.

कोवळ्या ज्वारीत धुरिन नावाचे द्रव्य असते. डन्स्टन व हेन्री या इंग्रज रसायनशास्त्रज्ञांनी १९०२ साली ते वेगळे काढले आणि ज्वारीच्या अरबी नावावरून त्याचे नाव ठेवले. धुरिन स्वतः मारक नाही. पाने चावली गेली, की पानातीलच एक विकर, म्हणजे एंझाइम, त्याच्याशी मिसळते व हायड्रोसायनिक आम्ल सुटू लागते. रवंथ करणाऱ्या जनावरांच्या कोठीपोटातील सूक्ष्मजंतू हे काम आणखी जलद करतात. रक्तात गेलेले विष पेशींना प्राणवायू वापरू देत नाही. रक्तात प्राणवायू भरपूर, पण शरीराला तो मिळत नाही, अशी विलक्षण अवस्था होते. म्हणूनच अशा जनावराच्या तोंडाची व डोळ्यांची आतील त्वचा प्रारंभी लालभडक दिसते.

या विषाविरुद्ध शरीरापाशी एक साधन आहे. यकृतात, मूत्रपिंडात आणि कोठीपोटाच्या अस्तरात ऱ्होडानीज नावाचे विकर असते. जर्मनीतील लांग या शास्त्रज्ञाने १९३३ साली त्याचे वर्णन केले. एका द्रव्यातील गंधकाचा अणू उचलून तो सायनाइडला जोडणे, एवढेच त्याचे काम. गंधक जोडले, की सायनाइडचे थायोसायनेट बनते. ते फारच कमी विषारी असते आणि लघवीवाटे बाहेर पडते. विकर स्वतः खर्च होत नाही. खर्च होते ते गंधक, आणि खरी अडचण तेथेच आहे. विकर मुबलक असले तरी शरीरातील देण्याजोगे गंधक थोडे असते.

त्यामुळे जनावराने किती खाल्ले याबरोबरच किती वेळात खाल्ले, याला महत्त्व येते. वजनाच्या दर किलोस सुमारे २ मिलिग्रॅम आम्ल एकदम पोटात गेले तर ते प्राणघातक ठरते. चाऱ्याच्या १ किलोत २०० मिलिग्रॅम आम्ल असल्यास ३०० किलोच्या बैलाला ३ किलो चारा पुरे. तेवढेच विष दिवसभरात हळूहळू गेले तर यकृत ते निस्तरते. भुकेला बैल अधाशीपणे खातो आणि मरतो. पोट भरलेला बैल चार तोंडे मारतो व वाचतो.

थोडे थोडे विष दीर्घकाळ जाणे हेही निर्धोक नव्हे, कारण वाढलेले थायोसायनेट गळ्याच्या ग्रंथीस आयोडीन घेऊ देत नाही व गलगंड होऊ शकतो. माणसांतही असेच घडते. ज्या कंदापासून साबुदाणा करतात, त्याच्या कडू जातीत सायनाइड असते. १९८१ च्या दुष्काळात मोझांबिकच्या उत्तर भागात हा कंद नीट न वाळवता, न कुजवता खाल्ला गेला आणि शेकडो लोकांचे पाय कायमचे लुळे पडले. डाळ, मासे यांसारख्या गंधकयुक्त प्रथिनांचा त्यांच्या आहारात अभाव होता.

उपचारही याच तत्त्वावर आहे. छायाचित्रकार ज्याला हायपो म्हणतात, ते सोडियम थायोसल्फेट शिरेतून दिल्यास विकराला हवे असलेले गंधक मिळते. सोबत सोडियम नायट्राइट देण्याची पद्धत आहे, पण त्याचे प्रमाण चुकल्यास तेच विष ठरते. म्हणून इंजेक्शन पशुवैद्यानेच द्यावे. कोठीपोटात उरलेल्या विषासाठी सुमारे ३० ग्रॅम हायपो पाण्यातून पाजतात. गुळाचे पाणी पाजण्याच्या प्रघातात काही तथ्य आहे, कारण साखरही सायनाइडशी संयोग पावते. पण त्याचा गुण अल्प आहे, आणि धापा टाकणाऱ्या जनावराच्या घशात नाळीने पाणी ओतल्यास ते फुप्फुसात उतरते. लाळ गळणे, जोराचा श्वास, झोकांड्या, पोटफुगी ही लक्षणे खाल्ल्यापासून १०-१५ मिनिटांतही दिसू लागतात. तेव्हा पशुवैद्यकीय दवाखान्यास निरोप धाडताना "ज्वारी खाल्ली आहे" हे प्रथम सांगावे, म्हणजे औषध बरोबर आणले जाईल.

ग्रामसेवकांनी पावसाच्या खंडात व कापणीनंतरच्या पहिल्या पावसात हे विशेष करून समजावून द्यावे. आता सोयाबीनमुळे ज्वारीचे क्षेत्र घटले आहे आणि तरुण शेतकऱ्यांना किराळीची ओळख राहिलेली नाही. पीक कमरेएवढे होऊन फुलोऱ्यावर येईपर्यंत हिरवे कापून घालू नये. नत्रखत भरपूर दिलेल्या शेतात अधिक जपावे. कापलेला चारा उन्हात चांगला वाळवल्यास बरेच आम्ल उडून जाते; पक्व पिकाच्या वाळलेल्या कडब्यास ही भीती नाही. धसकटांच्या रानात जनावरे सोडावयाची झाल्यास आधी गोठ्यात कडबा खाऊ घालून मग सोडावी. ऑस्ट्रेलियात ज्वारीवर चरणाऱ्या गुरांना गंधक मिसळलेले चाटण-मीठ ठेवतात. येथे तसे करावयाचे असल्यास गंधकाचे प्रमाण पशुवैद्यास विचारूनच ठरवावे.