निलेश साबळे : डॉक्टरकी सोडून ‘थुकरटवाडी’ वसवणारा सूत्रधार, सीमाभागातल्या घरांना त्यानं काय दिलं?

बाजारहत्नूर (जि. आदिलाबाद) : २ जून २०१४ ला तेलंगण राज्य झालं. त्यानंतर अडीच महिन्यांनी, १८ ऑगस्ट २०१४ ला झी मराठीवर ‘चला हवा येऊ द्या’ सुरू झालं. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही. पण बाजारहत्नूर, बोथ, इच्चोडा या पट्ट्यातल्या मराठी घरांत दोन्ही गोष्टी एकाच वर्षी आल्या. एकीनं दाखल्यावरचं राज्याचं नाव बदललं, दुसरीनं रात्रीच्या जेवणाची वेळ.

या कार्यक्रमाचा चेहरा म्हणजे डॉ. निलेश साबळे. लेखक तेच, दिग्दर्शक तेच आणि निवेदकही तेच. त्यांचा प्रवास काय, आणि राज्याच्या हद्दीबाहेरच्या मराठी माणसाला त्यात एवढं आपलं का वाटलं, ते थोडक्यात पाहू.

डॉक्टर ते निवेदक

साबळे शिक्षणानं आयुर्वेदाचे डॉक्टर. नावामागची पदवी खरी आहे, पण ओळख मिळाली ती झी मराठीच्या ‘महाराष्ट्राचा सुपरस्टार’ या स्पर्धेतून. ती त्यांनी जिंकली. अंगात नकलेची कला होती, लिहायची सवय होती. पुढं ‘फू बाई फू’ या विनोदी स्पर्धेचं सूत्रसंचालन त्यांच्याकडं आलं. भाऊ कदम, सागर कारंडे, कुशल बद्रिके, भारत गणेशपुरे, श्रेया बुगडे ही मंडळी पुढं ‘चला हवा येऊ द्या’त एकत्र आली आणि त्यांची एक टोळीच जमली. या सगळ्यांना धरून ठेवणारा दोरा साबळे होते.

निवेदक म्हणजे नाव पुकारणारा माणूस, असा आपला समज असतो. विनोदी कार्यक्रमात त्याचं काम जास्त अवघड असतं. दुसऱ्याचा विनोद पिकावा म्हणून त्याला स्वतः सरळ उभं राहावं लागतं. तो प्रश्न विचारतो, अडवतो, चिडतो आणि हशा समोरच्याच्या पदरात टाकतो. तमाशाच्या बतावणीत सोंगाड्यासमोर असा एक सरळ बोलणारा लागतोच. भाऊ कदम नुसते गप्प उभे राहिले तरी लोक हसायचे, त्यामागं समोर उभ्या असलेल्या साबळेंचाही वाटा असायचा.

थुकरटवाडीची गंमत कशात होती?

कार्यक्रमाची जागा ठरलेली : थुकरटवाडी नावाचं काल्पनिक गाव. टीव्हीवर एरवी गावचा माणूस मुंबईला जातो, बावरतो आणि शहरातले लोक त्याला हसतात. इथं उलटं झालं. पाहुणा गावात यायचा. ‘सैराट’ची मंडळी आली, नाटकवाले आले, शाहरुख खान, सलमान खानसारखे हिंदीतले बडे नटही आले. आलेल्या प्रत्येकाला गावाच्या रीतीनं बसावं लागायचं, गावाची थट्टा सोसावी लागायची.

अमरावतीकडचे भारत गणेशपुरे वऱ्हाडी ढंगात बोलायचे आणि ती बोली सोडायचे नाहीत. पुण्या-मुंबईच्या प्रेक्षकाला ती गंमत वाटली असेल. आदिलाबादकडच्या माणसाला ती शेजाऱ्याची बोली वाटली. कारण इकडची मराठी वऱ्हाड आणि मराठवाडा दोन्हींकडून आलेली आहे, त्यात तेलुगू आणि उर्दू शब्द मुरलेले. नोकरी-शिक्षणासाठी नांदेड-पुण्याला गेलेल्या पोराला ‘तू कुठला रे? तेलुगू का?’ हे ऐकावं लागतं, आणि इकडं हैदराबादला गेलं की तोच ‘महाराष्ट्रवाला’ ठरतो.

पोस्टमनचं पत्र

हसवून झालं की सागर कारंडे पोस्टमनच्या खाकी वेशात यायचे आणि पत्र वाचायचे. ही पत्रं मराठवाड्यातले लेखक अरविंद जगताप लिहायचे. शेतकरी, सैनिक, म्हातारे आईबाप, शाळा असे साधेच विषय असायचे. कापूस-सोयाबीनवर जगणाऱ्या मुलखाला त्यात नवं काही सांगायची गरज नव्हती. नवं होतं ते एवढंच की, आपलं दुःख टीव्हीवर मराठीत, कुणाची कीव न करता वाचलं जातंय. तासभर हसवल्यावर पाच मिनिटं सगळ्यांना गप्प बसवायचं, ही हिंमत सूत्रधाराचीच म्हणायला हवी.

सगळंच गोड नव्हतं

कार्यक्रमावर टीका झाली. पुरुषांनी साडी नेसून केलेले विनोद किती दिवस चालणार, हा प्रश्न अनेकांनी विचारला. दिसण्यावरून, रंगावरून केलेले विनोद खटकले. २०२१ च्या दिवाळीत नारायण राणे यांच्यावरच्या नकलेनं वाद झाला आणि साबळेंना राणेंची भेट घेऊन दिलगिरी व्यक्त करावी लागली. नक्कल कुठं थांबवायची, हा प्रश्न त्यानंतर सगळ्याच विनोदी कार्यक्रमांपुढं आला.

बोलीचंही तसंच आहे. बोली बोलणारं पात्र हुशार असेल तर लोक त्याच्याबरोबर हसतात. ते बावळट असेल तर बोलीलाच हसतात. थुकरटवाडीत दोन्ही झालं, हे मान्य करावं लागतं.

हिशेब रिमोटचा

सीमाभागातल्या प्रेक्षकाची एक वेगळी अडचण आहे. १ फेब्रुवारी २०१९ पासून ट्रायचे नवे नियम लागू झाले. बघाल त्याच चॅनलचे पैसे, असा तो नियम. मूळ पॅक १३० रुपये अधिक जीएसटी, आणि त्यावर सशुल्क चॅनल वेगळे. झी मराठीची तेव्हाची किंमत महिना १९ रुपये. १८ टक्के जीएसटी धरून २२ रुपये ४२ पैसे. वर्षाचे २६९ रुपये.

महाराष्ट्रात हे चॅनल मराठी पॅकमध्ये आपोआप मिळतं. तेलंगणात केबलवाला आधी तेलुगू पॅक देतो, आणि ते साहजिक आहे. मराठी हवं असेल तर वेगळं मागावं लागतं, वेगळे पैसे मोजावे लागतात. म्हणजे हद्दीपलीकडं किनवटात जे सवयीनं लागतं, ते इकडं ठरवून घ्यावं लागतं. ज्या घरात पोरं तेलुगू किंवा इंग्रजी शाळेत जातात, अर्ज तेलुगूत लिहावा लागतो, तिथं आजी आणि नातू एकाच वेळी ज्या मराठीवर हसतील अशा जागा थोड्याच उरल्या आहेत. अशा घराला वर्षाचे २६९ रुपये हा निव्वळ करमणुकीचा खर्च वाटत नाही.

किनवट १९५६ च्या राज्य पुनर्रचनेआधी आदिलाबाद जिल्ह्यातच होतं. भाषावार रचनेत ते तिकडं गेलं, बाकीचा भाग इकडं राहिला. सोयरीक मात्र दोन्हीकडं चालू आहे.

पुढं काय झालं?

साडेनऊ वर्षांनंतर, मार्च २०२४ मध्ये कार्यक्रम थांबला. साबळे भाऊ कदमांना घेऊन कलर्स मराठीवर ‘हसताय ना? हसायलाच पाहिजे!’ हा कार्यक्रम घेऊन आले. नाव त्यांच्याच तोंडच्या नेहमीच्या वाक्याचं. तो फार काळ चालला नाही. जुलै २०२५ मध्ये ‘चला हवा येऊ द्या’ परत आलं, पण साबळेंच्या जागी अभिजीत खांडकेकर सूत्रसंचालनाला होते.

कार्यक्रमाचं नाव चॅनलचं असतं, गाव मात्र माणसांनी उभं केलेलं असतं. साबळेंनी उभं केलेलं गाव नकाशावर कुठंच नव्हतं, म्हणून त्याला राज्याची हद्दही नव्हती. ते महाराष्ट्रात आहे की तेलंगणात, हे कुणी विचारलं नाही. जुने भाग आजही मोबाईलवर फिरतात. बाजारहत्नूरला ते बघणाऱ्या पोरांपैकी काहींना मराठी वाचता येत नाही. पण विनोद कळतो, आणि हसू बरोबर वेळेवर येतं.