हेराल्डचं इंजिन कुणाकडे द्यावं?
चेन्नईत जुन्या गाडीचं इंजिन उघडलं की पावलं पुदुपेट्टईकडे वळतात. सुटे भाग तिथे मिळतीलही, पण बोअरिंग कुणाकडून करायचं हा प्रश्न वेगळा. १९६१पासून मद्रासमध्येच बनलेल्या स्टँडर्ड हेराल्डसाठी, माझ्या मते, चकचकीत रिस्टोरेशन गॅरेजपेक्षा लॉरी-ट्रॅक्टरची इंजिनं रोज करणारा कारखाना बरा. ‘त्यांना हेराल्ड काय कळणार?’ ही शंका रास्तच. पण सिलिंडर किती झिजला, किती लंबगोल झाला हे बोअर गेजवर दिसतं. कंपनीची मापं मॅन्युअलमध्ये असतात, ती आपण न्यावीत. नवे पिस्टन हातात येण्याआधीच बोअर करायला निघालेल्याला मात्र ब्लॉक देऊ नये. शेवटचं होनिंग त्या पिस्टनच्या मापानेच व्हायला हवं. जास्त कापलं गेलं, तर लायनर घालण्याचा खर्च आपल्याच माथी.