पट्टी कुठली?

मिरजेत सतारमेकरांच्या दुकानात तानपुरा घ्यायला गेलेल्या माणसाला किमतीआधी पट्टी विचारतात. काळी एक, काळी दोन म्हटलं की मोठ्या भोपळ्याचा मर्दानी तानपुरा पुढे येतो; काळी चार किंवा पाच म्हटलं की जनानी. मग, "जरा सा लावा." गिऱ्हाईक संकोचत सा लावतं आणि कारागीर हातातलं काम थांबवून ऐकतो. दुकानदारीच्या सगळ्या तऱ्हांमध्ये मला ही तऱ्हा फार वर्षांपासून श्रेष्ठ वाटत आली आहे, कारण इथे गिऱ्हाईक येऊन गायल्याशिवाय माल पुरा होत नाही.

या सतारमेकर घराण्याची कथा बहुतेकांना ठाऊक आहे. फरीदसाहेब हे मूळचे शिकलगार, म्हणजे हत्यारांना धार लावणारे. इंग्रजी अमलात तलवारींची गरज संपली आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर हा हात तंतुवाद्यांकडे वळला. मिरजेच्या पटवर्धन संस्थानिकांना गाण्याची आवड होती. पुढे गायक अब्दुल करीम खाँसाहेबांनी मिरजेत घर केलं आणि १९३७ साली प्रवासात निधन झाल्यावर त्यांना मिरजेच्याच दर्ग्यात चिरविश्रांती मिळाली. पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूचे कडू भोपळे, तूणाचं लाकूड, खुंट्या, मणी हे सगळं पुष्कळदा लिहून झालं आहे. लिहायचं राहतं ते जवारीबद्दल.

तबलीवरच्या घोडीचा माथा सपाट दिसतो, पण त्याला अगदी अल्पसा उतार असतो. तार त्या उतारावरून जाते आणि छेडल्यावर त्याला पुन्हा पुन्हा निसटता स्पर्श करते. तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा बारीक धागा असतो. तो सरकवत नेला की एका जागी तार एकदम बोलू लागते. हा उतार कानशीनं घासून द्यायचा असतो; यालाच जवारी काढणं म्हणतात. एखादा हात जास्त फिरला तर स्वर चिरका होतो, कमी फिरला तर मुका राहतो. खुली जवारी कोणाला हवी, गोल कोणाला, हे आवाज ऐकूनच ठरतं. शिवाय वापरानं तारांचे चरे घोडीवर पडतात, म्हणून जवारी पुन्हा काढून घ्यावी लागते. तानपुरा विकला की दुकानाचं आणि गिऱ्हाइकाचं नातं तिथून सुरू होतं.

या जवारीचा शोध घेताना मला सर्वांत मोलाचा वाटला तो चंद्रशेखर व्यंकट रामन यांचा १९२१ सालचा, जेमतेम चार-पाच पानांचा निबंध. नोबेल मिळायला अजून नऊ वर्षं होती. रामन तेव्हा कलकत्त्यात होते आणि तंतुवाद्यांच्या ध्वनीवर काम करत होते. यंग आणि हेल्महोल्ट्झ यांचा नियम असा, की तार ज्या बिंदूवर छेडली, तिथे ज्या उपस्वरांची निष्पंद जागा येते ते उपस्वर नादात उमटू नयेत. रामन यांनी तानपुरा आणि वीणा तपासली, तर ते उपस्वर हजर होते, आणि चांगले ठळक. कारण त्यांनी घोडीत शोधलं: तो वक्र माथा आणि तारेचा तो निसटता स्पर्श. म्हणजे युरोपच्या भौतिकशास्त्रानं मांडलेल्या नियमाला आपल्या कारागिरांनी निबंधाविना वळसा घातला होता.

मला थांबवलं ते धाग्याविषयीच्या भागानं. धागा नेमका कुठे बसवायचा, याचं मोजमाप रामन देत नाहीत. सरकवून, ऐकून, पुन्हा सरकवून जागा ठरवायची, असंच ते सांगतात. एवढा काटेकोर माणूस या ठिकाणी येऊन काम कानावर सोपवतो! ही माघार आहे असं मला वाटत नाही. जे जसं आहे ते त्यांनी तसं नोंदवलं.

त्याच काळात मिरजेच्या शेजारी, सांगलीत, याच्या उलट खटाटोप चालला होता. निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी बावीस श्रुतींची गणितं मांडली आणि १९१० साली ग्रंथ छापला. गळ्यातली श्रुती दाखवायला त्यांनी साहाय्य घेतलं ते अब्दुल करीम खाँसाहेबांचंच. अर्नेस्ट क्लेमेंट्स हे न्यायखात्यातले इंग्रज अधिकारी त्यांच्या बाजूनं उभे राहिले आणि श्रुती-हार्मोनियम तयार झाली. १९१६ च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत ती मांडली गेली. संगीतशास्त्रकार भातखंड्यांना हे श्रुतिगणित मान्य नव्हतं. वाद पुष्कळ गाजला. देवलांच्या कष्टांबद्दल मला आदर आहे, पण माझं मत स्पष्ट आहे: स्वराची जागा पट्ट्यांमध्ये कायमची ठोकून बसवणं हीच त्या वाद्याची मर्यादा होती. हाकेच्या अंतरावर मिरजेत तीच जागा रोज नव्या गळ्यासाठी नव्यानं शोधली जात होती. आज ती हार्मोनियम अभ्यासकांपुरती उरली आहे आणि जवारी मात्र अजून काढली जाते.

पुढे इलेक्ट्रॉनिक तानपुरा आला, आता तो मोबाइलमध्ये आहे. रोजच्या रियाजाला, प्रवासाला तो उपयोगी आहे, त्याला नावं ठेवण्याचं कारण नाही. पण तो सगळ्यांना एकच जवारी देतो. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, याचा आनंद आहे. नावाची नक्कल त्यानं रोखता येईल. कानशीवरचा हात मात्र वडिलांशेजारी वर्षानुवर्षं बसूनच तयार होतो, आणि तो तयार व्हायला जवारी काढून घेणारी गिऱ्हाइकं लागतात. म्हणून संगीत शिकवणाऱ्या संस्थांना माझी विनंती आहे: तानपुरे दरपत्रकावरून एकगठ्ठा मागवू नका. वर्षातून एकदा विद्यार्थ्यांना वाद्यांसकट मिरजेला न्या, प्रत्येकाला कारागिरासमोर आपला सा लावू द्या आणि जवारीची मजुरी घासाघीस न करता द्या.