शिलाहारांचे कूळ

आपल्या मिरजेच्या मुलखावर एकेकाळी शिलाहारांचे राज्य होते. त्यांचा इ. स. १०५८ चा मिरजेचा ताम्रपट प्रसिद्ध आहे. हे राजे आपले कूळ जीमूतवाहनापर्यंत नेत. नागाचे प्राण वाचविण्यासाठी शिळेवर आपला देह गरुडाचा आहार म्हणून ठेवणारा हा विद्याधर ‘कथासरित्सागरा’त भेटतो; इतिहासात भेटत नाही.

मग असा पूर्वज हवा कशाला? शिलाहार मूळचे राष्ट्रकूटांचे मांडलिक. ताम्रपट म्हणजे बहुधा जमिनीचे दानपत्र. जमीन देण्याचा अधिकार कोठून आला, हे सांगावयास आधी वंशावळ येते. इंग्लंडातही वेसेक्सच्या राजांनी आपला वंश वोडन देवापर्यंत नेला. ख्रिस्ती झाल्यावर तो आदमापर्यंत पोचविला.

वंशावळ कल्पित ठरली म्हणून ती टाकाऊ होत नाही. पूर्वजाची नसली, तरी ती कोरविणाऱ्याची गरज ती नेमकी सांगते.

मराठीत ‘कूळ’ म्हणजे घराणे, आणि दुसऱ्याची जमीन कसणाराही. पहिले कूळ तांब्यावर चढले. दुसऱ्याला कायद्याने जमिनीचा मालक मानले गेले ते १ एप्रिल १९५७ रोजी. म्हणून कोणी कुळाचा मोठेपणा सांगू लागला, की शांतपणे विचारावे : या वंशावळीखाली हक्क कोणता लिहिला आहे?