निदानाचा हक्क आणि दगडखाण कामगार

आरोग्याच्या प्रश्नाची चर्चा आपल्याकडे बहुधा औषधापासून सुरू होते. औषध मिळाले की नाही, शस्त्रक्रिया झाली की नाही, बिल कोणी भरले, हेच विचारले जाते. पण औषधाच्या आधी निदान असते. रोगाचे नाव ठरल्याखेरीज औषध ठरत नाही आणि नुकसानभरपाईचा अर्जही लिहिता येत नाही. गरीब माणसाची सर्वांत जास्त ओढाताण नेमकी याच टप्प्यावर होते, आणि शासनाच्या बहुतेक विमा योजना मात्र हा टप्पा ओलांडल्यावर सुरू होतात. दगडखाणीत आणि खडी क्रशरवर राबणाऱ्या कामगाराच्या उदाहरणावरून हे स्पष्ट करता येईल.

दगड फोडताना, सुरुंगासाठी भोके पाडताना आणि क्रशरमध्ये खडी पडताना जी धूळ उडते तिच्यात सिलिका असते. तिचे डोळ्यांना न दिसणारे बारीक कण फुफ्फुसात खोलवर जातात आणि तिथेच राहतात. त्यांच्याभोवती गाठी धरतात, फुफ्फुस कडक होत जाते, श्वास अपुरा पडतो. या रोगाला सिलिकोसिस म्हणतात. तो पुरा बरा करणारे औषध नाही. काम सोडले तरी रोग वाढत राहू शकतो. साधारणपणे तो दहा वर्षांहून अधिक काळ धूळ खाल्ल्यावर दिसू लागतो. धूळ फार असेल तर त्याच्या कितीतरी आधीच माणूस आडवा होतो.

खोकला, धाप, वजन उतरणे, छातीत दुखणे ही लक्षणे क्षयाचीही आहेत. छातीच्या फोटोत दोन्ही रोगांच्या खुणा बहुधा फुफ्फुसाच्या वरच्या भागात दिसतात. अनुभवी डोळा नसेल तर फसगत होते. दोहोंतला फरक ओळखायला महागड्या यंत्राआधी एक प्रश्न लागतो : तू काय काम करतोस आणि किती वर्षे करतोस? सिलिकोसिसच्या निदानाचे आधार तीन : धुळीत काम केल्याचा इतिहास, छातीचा चांगला फोटो आणि तसाच दिसणारा दुसरा रोग नाही याची खात्री. यांतला पहिला आधार फुकट आहे. पण गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात तोच विचारायचा राहून जातो. केसपेपरवर धंद्याच्या जागी ‘मजुरी’ एवढाच शब्द पडतो, आणि दगड, धूळ, क्रशर, मालक हे सारे त्या एका शब्दाखाली झाकले जाते.

आता या कामगाराची वाट पाहा. धाप लागली की तो प्रथम जवळच्या खाजगी डॉक्टरकडे जातो, कारण तो संध्याकाळी उघडा असतो आणि दिवसाचा खाडा पडत नाही. तिथे सुई मिळते, खोकल्याची बाटली मिळते. दोनचार महिने असे गेले की प्राथमिक आरोग्य केंद्र. तिथे सहसा एक्स-रे यंत्र नसते, म्हणून ग्रामीण किंवा जिल्हा रुग्णालय. फोटोला एक दिवस, अहवालाला दुसरा, मोठ्या डॉक्टरांसाठी तिसरा. ब्रासवर मजुरी घेणाऱ्याचे हे तिन्ही दिवस बुडतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असेल तर ती अंगावर वाढते. पुढे सीटी स्कॅन आणि श्वासाची चाचणी सांगितली की तो गावी निघून जातो किंवा पुन्हा खाणीवर येतो. मग ‘हे लोक तपासण्या पुऱ्या करीत नाहीत’ असा शेरा मारला जातो.

महाराष्ट्र शासनाने १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य खात्याच्या रुग्णालयांत तपासणी आणि उपचार निःशुल्क केले, ही चांगली गोष्ट झाली. परंतु तो निर्णय त्या खात्याच्या दवाखान्यांपुरता होता. वैद्यकीय महाविद्यालयांची आणि महापालिकांची रुग्णालये त्यात नव्हती. आणि छातीच्या रोगाचे शेवटचे उत्तर बहुधा मोठ्या शहरातल्या अशाच रुग्णालयात मिळते.

उलट क्षयाची वाट पूर्ण फुकट आहे. थुंकीची तपासणी फुकट, औषधे फुकट, शिवाय पोषणासाठी २०१८ पासून महिना ५०० रुपये आणि नोव्हेंबर २०२४ पासून १,००० रुपये. हे असलेच पाहिजे. पण परिणाम असा होतो की गरिबाला विनाखर्च मिळू शकणारे छातीच्या रोगाचे नाव एकच उरते. थुंकीत जंतू सापडला नाही तरी फोटोवरून क्षयाची औषधे सुरू होतात. सहा महिने संपतात, धाप तशीच राहते, कोर्स पुन्हा सुरू होतो. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. सिलिकोसिस झालेल्या माणसाला क्षय होण्याचा धोका इतरांपेक्षा बराच जास्त असतो आणि दोन्ही रोग एकत्रही असतात. म्हणून क्षयाची औषधे कोणीही आपल्या मनाने सोडू नयेत. प्रश्न औषध नाकारण्याचा नाही, दुसऱ्या नावाचाही शोध घेण्याचा आहे.

मग विमा कुठे आहे? १९४२ ते १९४६ या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. त्याच काळात, १९४३ साली, प्रा. बी. पी. आडारकर यांच्याकडे औद्योगिक कामगारांच्या आरोग्यविम्याची योजना आखण्याचे काम आले आणि १९४४ साली त्यांनी अहवाल दिला. त्यातूनच पुढे १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा आला. या विम्याचे महत्त्व असे की तो पहिल्या खोकल्यापासून लागू होतो. रुग्णालयात दाखल न होता तपासणी होते, आणि आजारपणाच्या रजेत बुडालेल्या मजुरीचा मोठा भाग मिळतो. म्हणजे निदानाचा खर्च आणि निदानाचा वेळ, दोन्ही त्यात धरलेले आहेत. पण त्या कायद्याच्या व्याख्येतून खाण वगळलेली होती. शिवाय ज्याचे नाव हजेरीपटावरच नाही त्याला कुठलाही विमा लागत नाही.

त्या कायद्याची जागा आता २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली आहे. धोकादायक म्हणून केंद्र सरकारने अधिसूचित केलेल्या धंद्यात एकच कामगार असला तरी हा विमा लागू करण्याची तरतूद तीत आहे. अधिसूचना आणि हजेरीपट या दोन गोष्टींवाचून ही तरतूद कागदावरच राहील.

उरल्या रुग्णालयाच्या योजना. २०१२ साली राज्यात सुरू झालेली आणि २०१७ पासून महात्मा जोतीराव फुले यांचे नाव असलेली जन आरोग्य योजना, आणि २०१८ ची केंद्राची आयुष्मान भारत. पाच लाखांचा आकडा ऐकायला मोठा आहे. पण या योजना मुख्यतः यादीतल्या उपचारांसाठी दाखल झालेल्या रुग्णाच्या आहेत. आयुष्मान भारतमध्ये दाखल होण्यापूर्वीच्या फक्त ३ दिवसांचा खर्च धरला जातो. बाह्यरुग्ण म्हणून झालेल्या तपासण्या तीत बसत नाहीत. ज्याचे निदान व्हायला दोन वर्षे लागली, त्याच्या त्या दोन वर्षांचे काय?

निदानाने केवळ उपचार ठरत नाही, जबाबदारीही ठरते. क्षय म्हटले की दोष कामगाराच्या झोपडीकडे, विडीकडे, दारूकडे जातो. सिलिकोसिस म्हटले की बोट धुळीकडे, म्हणजे मालकाकडे आणि खाणीवर देखरेख ठेवणाऱ्या खात्याकडे जाते, कारण नुकसानभरपाईच्या कायद्यात सिलिकोसिस हा व्यवसायजन्य रोग मानलेला आहे. गोध्रा येथील गारगोटी दळणाऱ्या कारखान्यांत मध्य प्रदेशातील झाबुआ, अलिराजपूर, धार या भागांतले आदिवासी कामगार जात असत. त्यांच्या मृत्यूंच्या नोंदी संघटनांनी गावोगाव फिरून केल्या. म्हणूनच राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाची शिफारस झाली, आणि २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने २३८ मृतांच्या वारसांना प्रत्येकी ३ लाख रुपये देण्याचा आदेश गुजरात सरकारला दिला. राजस्थानने २०१९ च्या धोरणात रोग प्रमाणित झाल्यावर ३ लाख आणि मृत्यूनंतर वारसांना २ लाख रुपये देण्याचे ठरवले. दोन्ही ठिकाणी लढ्याचा पाया एकच होता : रोगाचे नाव कागदावर आले.

आपल्याकडे हे दगड कोण फोडतो? विमुक्त जातींच्या यादीत असलेला वडार समाज, दुष्काळात गाव सोडून आलेले दलित शेतमजूर, आदिवासी. जातीने जे काम अंगावर टाकले तेच फुफ्फुसात साठते आहे. म्हणून हा प्रश्न केवळ वैद्यकीय नाही.

कार्यकर्त्यांनी आणि शिक्षकांनी काही गोष्टी आजही कराव्यात. केसपेपरवर ‘मजुरी’ऐवजी ‘दगडखाण, इतकी वर्षे’ असे लिहून घेण्याचा आग्रह धरावा. प्रत्येक कामगाराने कुठे, कोणाकडे, किती वर्षे काम केले याची वही वस्तीत ठेवावी. ज्यांचा हजेरीपट नाही त्यांचा तोच पुरावा होईल. छातीचे जुने फोटो आणि अहवाल फेकू देऊ नयेत. धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवणे उच्च न्यायालयाने मान्य केलेल्या योजनेनुसार २००६ पासून बंधनकारक आहे, हे रुग्णाबरोबर जाऊन सांगावे.

शासनाकडे मागण्या तीन : खाणींच्या जिल्ह्यांत सिलिकोसिस प्रमाणित करणारे वैद्यकीय मंडळ, विमा योजनांत बाह्यरुग्ण तपासण्यांचा आणि बुडालेल्या मजुरीचा समावेश, आणि खाणी व क्रशर धोकादायक धंदा म्हणून अधिसूचित करून प्रत्येक कामगाराची नोंदणी. रोज मालक बदलणाऱ्या कामगारांची नोंदणी होऊ शकत नाही, असे उत्तर मिळेल. महाराष्ट्रात १९६९ च्या माथाडी कायद्याने ती करून दाखवली आहे. हमालांना जे संघटनेच्या बळावर मिळाले ते दगड फोडणाऱ्यांनाही मिळवता येईल.